बॉनेट गरम होतं

बॉनेटवर हात ठेवला आणि मॅल्कमने तो चटकन मागे घेतला. चटका बसण्याइतकं काही ते तापलेलं नव्हतं. थंडीत तळहात शेकावा असं वाटेल, इतपतच गरम होतं. पण गरम होतं. म्हणजे त्याने दारावरची बेल वाजवायच्या जरा आधीपर्यंत हे इंजिन चालू होतं, आणि ज्या बाईने हसत हसत गॅरेजचं दार उघडून दिलं होतं तिने त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. त्याच्या पोटात काहीतरी खाली गेलं. ओळखीचंच होतं ते. गेल्या दोन वर्षांत किती तरी गॅरेजांत, किती तरी अंगणांत त्याला ते असंच जाणवलं होतं, आणि खरं सांगायचं तर दर वेळी त्यात थोडी सुटकाही असे: चला, सापडलं एकदाचं, आता घेण्याचा प्रश्नच नाही. जुनी गाडी बघायला जावं तर सगळ्यात आधी बॉनेटला हात लावावा, हा नियम त्याला त्याच्या मेहुण्याने, टेरीने, शिकवला होता. इंजिनची दुखणी गारठ्यातून उठताना कळतात. ते खोकतं, थरथरतं, धूर सोडतं; एकदा तापलं की शहाण्यासारखं वागतं. म्हणून बॉनेट गार असेल तर पुढे बोलायचं आणि गरम असेल तर पाठ फिरवायची. "पाहुणा यायच्या आधी जो गाडी तापवून ठेवतो ना, त्याच्या मनात काळंबेरं असतंच," टेरी म्हणायचा. टेरीला ठाऊक असणारच. जन्मभर त्याने जुन्याच गाड्या विकल्या होत्या, आणि त्यातल्या बऱ्याचशा तापवून.

"चहा आधी घ्याल की नंतर?" मिसेस विंटरटननी विचारलं. ऐंशीच्या घरातली बाई, निळा स्वेटर, आणि पाहुणा येणार म्हणून ओठांना लावलेली थोडीशी लाली. नवरा जाऊन तीन वर्षं झाली, तेव्हापासून गाडी उभीच आहे, हे त्यांनी फोनवरच सांगितलं होतं. "नंतर चालेल," मॅल्कम म्हणाला, आणि गाडीभोवती फिरायला लागला. फिरायला नको होतं. पाठ फिरवायची होती. पण काय करणार, गाडी अशी होती की पाय निघेना. गर्द हिरवी जॅग्वार, लांब पल्ल्याच्या प्रवासासाठीच बनवलेली, पुढचं नाक लांबलचक आणि मागचा भाग पाणी ओसरत जावं तसा खाली उतरलेला. याच कॉव्हेंट्री शहरात पंचवीस वर्षांपूर्वी ती जन्मली होती. आत अक्रोडाच्या लाकडाची चकचकीत पट्टी, सायीच्या रंगाची कातडी आसनं, आणि मागे दोन इवल्याशा जागा, ज्यांत मांजरसुद्धा पाय मुडपून बसलं असतं. कुटुंबाची गाडी नव्हेच ही. दोघांची गाडी. दोघांनी एक एक बॅग टाकावी आणि रस्ता नेईल तिकडे जावं. मॅल्कमला ती आवडली. आवडली म्हणजे, अरे देवा, साठी उलटलेल्या माणसाला शोभू नये इतकी आवडली. आणि आवडल्याबरोबर तो गुडघ्यांवर बसला, खिशातला टॉर्च काढला आणि चाकाच्या वरच्या कमानीत गंज शोधायला लागला.

गंज म्हणावा असा गंज नव्हता. होता तो या वयाला शोभेलसाच. पण मॅल्कमच्या डोळ्यांना काही नाही सापडलं तर ते आणखी आत शिरतात; चाळीस वर्षांची सवय होती ती. लोकांनी घर विकत घेण्याआधी ते तपासून द्यायचं, हा त्याचा धंदा. बर्मिंगहॅमच्या आसपासची किती घरं त्याने ठोकून, वास घेऊन, भिंतीत ओल मोजायच्या यंत्राच्या दोन सुया टोचून पाहिली असतील! नवराबायको हॉलच्या मधोमध उभे राहून इथे सोफा, तिथे पियानो असं ठरवत असायचे आणि मॅल्कम कोपऱ्यात उकिडवा बसून म्हणायचा, इथे नुकताच रंग दिलाय, कशाला बरं दिला असेल? त्याचं नाव झालं ते त्यामुळेच. ट्विगसाहेबांनी पास केलं म्हणजे घर पास. फक्त घरी आल्यावर सुया कुठे ठेवायच्या ते त्याला कधी जमलं नाही. त्याची बायको हेझल म्हणायची, तू माझ्याकडेसुद्धा ओल शोधल्यासारखा बघतोस. थट्टेत म्हणायची. मग दोन वर्षांपूर्वी तिला खरोखरच काहीतरी निघालं, आणि ते त्याला नाही, तिचं तिलाच आंघोळ करताना सापडलं. मॅल्कमने स्वतःला ती गोष्ट कधी माफ केली नाही. शेजारी झोपणाऱ्या माणसाला कळू नये? ज्याला परक्याच्या भिंतीतलं पाणी कळतं त्याला? तेव्हापासून तो जास्तच बारकाईने बघायला लागला होता, आणि बघता बघता बोलणं कमी होत गेलं होतं.

गाडीची टूम हेझलचीच. औषधाच्या नळीला जोडलेली बसली असताना तिने एका मासिकात असलीच एक गाडी पाहिली आणि म्हणाली, "यातून बरी उठले ना, तर असल्या गाडीत बसून फ्रान्समधून खाली खाली जायचं, समुद्र लागेपर्यंत. आपल्या त्या करड्या डबड्यात मी परत बसणार नाही. त्याला हॉस्पिटलचा रस्ता पाठ झालाय." मॅल्कम कामाला लागला. तिला बरं वाटावं म्हणून प्रत्येक गाडीची हकीकत तो घरी येऊन सांगे. तिचे केस गेले, भुवया गेल्या, जिभेची चव गेली, आणि मॅल्कम सांगत राहिला: हिच्या तळाच्या पत्र्याला गंज होता, हिच्या मालकाचा चेहरा बरोबर नव्हता, तिचं बॉनेट गरम होतं. हेझल हसायची. मग हसेनाशी झाली. मार्च महिन्यात डॉक्टरीणबाईंनी फोटो पडद्यावर लावले आणि म्हणाल्या, काही नाही दिसत, मिसेस ट्विग. स्वच्छ आहे. आता शरद ऋतूत या. हेझलने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आणि त्या खोलीत, त्या क्षणाला, मॅल्कम म्हणाला, "खात्रीसाठी पुढच्या आठवड्यात पुन्हा एकदा बघता येईल का?" डॉक्टरीणबाईंच्या आवाजातला गोडवा त्याला जरा जास्तच वाटला होता. बाहेर पार्किंगमध्ये हेझल थांबली. त्याने तिला इतकं रागावलेलं कधी पाहिलं नव्हतं. "काही नाही म्हणाल्या त्या. मला म्हणाल्या. मला दोन मिनिटं तरी खूश होऊ द्यायचंस!" 

आणि आज सकाळी तिने त्याच्यासमोर टोस्टची बशी ठेवली आणि म्हणाली, "त्या हिरव्या गाडीचा आजपासूनचा विमा उतरवलाय मी. तुझ्या नावाने. नंबर जाहिरातीतल्या फोटोत दिसत होता." मॅल्कमच्या हातातली सुरी तशीच राहिली. "न बघताच?" "न बघताच. हे बघ, मी आता परत विचारणार नाही. उन्हाळा माझा आहे. गाडी नाही आणलीस तर मी आगगाडीने जाईन, एकटी जाईन, पण जाईन. तू बस गंज शोधत. आणि जाताना स्टेशनवर एकेरी तिकीट काढ." ओरडून म्हणाली असती तर बरं झालं असतं. नीट, शांतपणे, लोणी लावत लावत म्हणाली. स्टेशनवरच्या खिडकीपाशी मॅल्कमने परतीचं तिकीट काढलं. आपल्याकडे परतीचं तिकीट एकेरीपेक्षा जेमतेम चिल्लर जास्त पडतं, सगळेच तेच काढतात, त्यात काय मोठंसं, असं त्याने स्वतःला समजावलं. पण तिकीट पाकिटात न ठेवता त्याने कोटाच्या आतल्या खिशात सारलं, कुणी बघत असल्यासारखं.

"आत बसून बघा ना," मिसेस विंटरटन म्हणाल्या. दार उघडलं तर चालकाच्या आसनावर विणलेल्या लोकरी खोळीतली गरम पाण्याची रबरी पिशवी ठेवलेली. मॅल्कम बघतच राहिला. "अगंबाई, ती काढायची राहिली," म्हणत त्यांनी पिशवी उचलून पोटाशी धरली. "कातडं फार गार पडतं हो. केनेथ काय करायचा, कुठे जायचं असलं की आधी येऊन गाडी सुरू करून ठेवायचा, आणि माझ्या जागेवर ही. माझी पाठ म्हणजे बघायलाच नको. म्हटलं, इतक्या लांबून माणूस येणार, त्याला काय थंड गाडीत बसवायचं? मला चालवता येत नाही, पण किल्ली फिरवता येते." मॅल्कमने "फार चांगलं केलंत" असं काहीसं म्हटलं. मनात मात्र टेरी हसत होता. विधवा, चहा, लोकरीची खोळ! टेरीला स्वतःला इतकं सुचलं नसतं. त्याने किल्ली फिरवली. इंजिन लागलीच चालू झालं, एका सुरात, न अडखळता, मांडीखाली जाणवेल न जाणवेल असं. अर्थात. गरमच होतं ते. यावरून काय कळणार? त्याने इंजिन बंद केलं. बाहेर येऊन हात पुसले. आणि स्वतःच्याच कानांना तो ठरलेला आवाज ऐकू आला, चाळीस वर्षांत घासून गुळगुळीत झालेला: "गाडी चांगली आहे. तुमची हरकत नसेल तर मी उद्या येतो. गार असताना एकदा सुरू करून बघीन म्हणतो. खात्रीसाठी."

बाईंना राग आला असता तर त्याचं काम सोपं झालं असतं. पण त्या म्हणाल्या, "या की. उद्या मी घरीच आहे. परवाही आहे." मग किंचित थांबून म्हणाल्या, "चहा?" त्याने नको म्हटलं. गाडी घ्यायची नसताना बाईच्या हातचा चहा पिणं त्याला बरं वाटेना. फाटकाबाहेर पडल्यावर त्याने मागे वळून पाहिलं. त्या पिशवी पोटाशी धरून गॅरेजच्या दारात तशाच उभ्या होत्या.

बसच्या थांब्यावर कुणी नव्हतं. एप्रिलचं ऊन होतं, पण वारा बोचरा. समोरच्या घरापुढे एक माणूस बादली घेऊन आपली गाडी धूत होता, पुढून मागे, मागून पुढे, काही घाई नसल्यासारखा. उद्या, मॅल्कम मनाशी म्हणाला. उद्या यायचं. उद्या गार बॉनेटला हात लावायचा, आणि मग काय? उद्या जरा खोकली तर नको म्हणायचं. नाही खोकली, तर वर उचलून खालून बघितल्याशिवाय कसं, म्हणायचं. त्याला स्वतःचं पुढचं सगळं बोलणं पाठ होतं. खात्री. हा शब्द त्याने डॉक्टरीणबाईंना म्हटला तेव्हा हेझलच्या चेहऱ्यावर जे उमटलं आणि विझलं ते त्याला आत्ता, या थांब्यावर, लख्ख दिसलं. गंजाची भीती नव्हतीच त्याला. कधीच नव्हती. गाडी घेतली की निघावं लागणार होतं. निघालं की उन्हाळा आहे असं धरून चालावं लागणार होतं, हेझल आहे असं धरून चालावं लागणार होतं, आणि मग ते सगळं कुणी काढून घेतलं तर? जोवर तो गाडी शोधत होता तोवर काही सुरूच झालं नव्हतं, म्हणून काही संपणारही नव्हतं. इतकं साधं होतं. भित्रा आहेस लेका तू, तो स्वतःशी मोठ्याने म्हणाला. गाडी धुणाऱ्याने मान वर करून पाहिलं.

उजवा तळहात अजून कोमट वाटत होता. वाटायचं काही कारण नव्हतं, वारा इतका गार होता. पण वाटत होता खरा. त्याने हात पुढे करून बघितला. आणि त्या हातातून, कुठून कोण जाणे, एक फार जुनी संध्याकाळ वर आली. वडील शिवणयंत्रांचे सुटे भाग विकत गावोगाव फिरायचे. सोमवारी जायचे ते शुक्रवारी यायचे. शुक्रवारी शाळेच्या बँडची तालीम असे. मॅल्कम तुतारीची पेटी सांभाळत गल्लीच्या कोपऱ्यावर वळला की घरासमोर वडिलांची छोटी काळी गाडी दिसे, आणि घरात शिरण्याआधी तो पळत जाऊन तिच्या बॉनेटला हात लावी. गार असेल तर उपयोग नाही: म्हणजे वडील येऊन बराच वेळ झाला, आता ते खुर्चीत, वर्तमानपत्रामागे, आणि आई तोंडावर बोट ठेवून उभी. पण गरम असेल तर! गरम असेल तर ते आत्ता आत्ता आलेत. अजून दिवाणखान्याच्या दारातच आहेत, अंगात कोट आहे, कोटाला रस्त्याचा वास आहे, खिशातल्या लिमलेटच्या गोळ्या अजून खिशातच आहेत. मग तो सगळी ताकद लावून धावत सुटे. टेरीच्या नियमाच्या कितीतरी आधी त्याच्या हाताला बॉनेट माहीत होतं, आणि तेव्हा गरम म्हणजे फसवणूक नव्हती. इतकी वर्षं हे होतं कुठे? त्याला रडू येईल की काय असं वाटलं, आणि त्याच वेळी अगदी समोर ब्रेक करकरले.

बस उभी होती. दार उघडलं होतं. चालक त्याच्याकडे बघत होता. "काय साहेब, यायचंय ना?"

"नाही," मॅल्कम म्हणाला. "म्हणजे, नाही यायचं."

"मग हात कशाला केलात?"

मॅल्कमने आपल्या हाताकडे पाहिलं. तो अजून रस्त्याच्या बाजूला पुढे केलेलाच होता, बस थांबवायला करतात अगदी तसाच. "माफ करा हो. नुसता हात बघत होतो."

"भविष्य बघत होता होय!" चालक म्हणाला. "बरं असेल तर मलाही कळवा." दार बंद झालं, खिडकीतल्या दोन म्हाताऱ्या हसल्या, आणि बस निघून गेली. मॅल्कमही हसला. कधी हसलो होतो यापूर्वी, त्याला आठवेना. मग तो वळला आणि भराभर चालायला लागला. पुढे पुढे तर तो चक्क पळत होता, कोटाची बटणं न लावता.

गॅरेजचं दार उघडंच होतं. गाडीत मिसेस विंटरटन बसल्या होत्या, चालकाच्या शेजारच्या जागेवर, मांडीवर पिशवी घेऊन, समोरच्या भिंतीकडे बघत. त्याला पाहून त्या दचकल्या, आणि लहान मुलाला मिठाईच्या डब्यापाशी पकडावं तशा लाजल्या. "काही विसरलात का?"

"हो," मॅल्कम धापा टाकत म्हणाला. "एक चक्कर मारायची राहिली. नका उतरू, बसा तुम्ही. मला इथले रस्ते कुठे माहीत आहेत?"

"पण तुम्हाला गार झालेली बघायची होती ना?"

"गार कशाला होऊ द्यायची?"

त्याने किल्ली फिरवली. गाडी पाठीमागे सरकत उन्हात आली आणि तिचा हिरवा रंग एकदम खुलला. गल्लीच्या तोंडाशी मिसेस विंटरटन म्हणाल्या, "डावीकडे. आणि एक सांगायचं राहिलं. गार असते ना, तेव्हा सुरू होताना कुरकुरते ती. थोडी खोकते, थोडी थरथरते. मिनिटभरच. उभी राहून राहून झालंय तसं. केनेथ असता तर वैतागला असता."

मॅल्कमने ब्रेकच दाबला. "मग मघाशी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंत कुठे?" बाई सरळपणे म्हणाल्या. "तुम्ही नुसतेच बघत होता. मला वाटलं, इतकं बघणारा माणूस, त्याला कळलंच असेल."

त्याने ब्रेकवरचा पाय उचलला.  खोट होती. साधीशी, सांगण्यासारखी, विचारलं असतं तर कळली असती अशी. आणि आता ती कळल्यावर त्याच्या पोटात काहीही खाली गेलं नाही. डावीकडे, मग गोल चौकातून सरळ, मग शेतांमधून जाणारा रस्ता. कुंपणाच्या झुडपांना पांढरी फुलं आली होती. बाई रस्ता सांगत होत्या ते नकाशा मांडीवर असल्यासारख्या, वळणाच्या पुरेशा आधी, आवाज न चढवता. केनेथ शाळेत भूगोल शिकवायचा, त्या म्हणाल्या, पण नकाशा मीच बघायचे. त्याला डोंगरांची उंची पाठ, आणि कुठे वळायचं ते विसरायचा. त्यांचा आवाज एकदाच फुटला, एका टेकडीवरून खालचं शहर दिसलं तेव्हा. मॅल्कमने गाडी हळू केली. "थांबू का जरा?" त्याने विचारलं. विचारलं! त्याचं त्यालाच नवल वाटलं. "नको," त्या डोळे टिपत म्हणाल्या. "चालू दे. तिला पाय मोकळे करू द्या."

घरी आल्यावर मात्र त्यांनी चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही, आणि चहा पिता पिता त्याने त्यांना हेझलबद्दल सांगितलं. किमतीबद्दल घासाघीस झाली नाही; टेरीला कळलं असतं तर त्याने नातं तोडलं असतं. कागदावर सह्या झाल्या, पैसे फोनवरून गेले, आणि निघताना बाईंनी खिडकीतून लोकरीची खोळ आत सरकवली. पिशवीत नवीन गरम पाणी भरलेलं होतं. "तुमच्या बायकोच्या जागेवर ठेवा. घरी पोचेपर्यंत राहील ऊब." मग त्यांनी गाडीच्या छपरावर दोनदा थाप मारली, आणि तो वळणावर पोचण्याआधीच आत निघून गेल्या. बरं केलं त्यांनी. त्याला आरशात बघवलं नसतं.

परतीचं तिकीट त्याला बर्मिंगहॅमच्या वेशीजवळ सापडलं, पेट्रोलचे पैसे द्यायला खिशात हात घातला तेव्हा. पंपावरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकायचं म्हणून त्याने ते हातात घेतलं, मग हेझलला दाखवायचं ठरवून परत खिशात ठेवलं. रागावेल. रागावू दे. हे सांगायला हवं, आणि डॉक्टरीणबाईंच्या खोलीतलंही बोलायला हवं, आणि विचारायचंही बरंच काही होतं, दोन वर्षांचं साठलेलं. रस्ता पुष्कळ लांब होता, समुद्र लागेपर्यंत. बोलणं होईल.

हेझल खिडकीत होती. गाडी फाटकाशी थांबली तशी पडदा हलला आणि दार उघडलं. ती पायरीवर आली, घरातल्या सपाता घालून. नुकतेच उगवायला लागलेले केस वाऱ्याने एकाच बाजूला झुकले होते.  मॅल्कम उतरला आणि दाराला धरून उभा राहिला, प्रगतिपुस्तक दाखवायला आणलेल्या पोरासारखा. "गार असताना खोकते," तो घाईघाईने म्हणाला. "आधीच सांगतो. आणि मी परतीचं तिकीट काढलं होतं. आणि—"

"गप रे," हेझल म्हणाली. तिने गाडीला एक चक्कर घातली. मागच्या इवल्याशा जागांकडे बघून हसली, आपल्या जागेवरची लोकरीची खोळ पाहून कोड्यात पडली, पण विचारलं नाही. मग पुढे आली आणि त्या लांबलचक हिरव्या बॉनेटवर तिने दोन्ही तळहात पसरून ठेवले. डोळे मिटले. 

"गरम आहे," ती म्हणाली.

"हो," मॅल्कम म्हणाला. "आत्ताच आलोय मी." त्याच्या अंगात अजून कोट होता.

हेझलने डोळे उघडले. "मग काढू नकोस," ती म्हणाली. "थांब, मी माझा घेऊन येते."